दुसऱ्याचे सोंग मनापासून घेणारा नट : गजानन जागीरदार



थोर नट गजानन जागीरदार हे आपल्या विदर्भातलेच. त्यांचा जन्म २ एप्रिल १९०७ रोजी अमरावतीला झाला. लहानपणापासून त्यांना नाटकाचा भारी नाद. पुढे ते प्रभात फिल्म कंपनीत गेले. तिथे आधी पडद्यामागची कामे शिकले. नट झाले, दिग्दर्शकही झाले.

पण ते नाचगाणी करणारे हिरो नव्हते. म्हातारा, न्यायाधीश, खेडूत अशी कामे ते करायचे. अशा नटाला चरित्र अभिनेता म्हणतात.

१९४१ साली व्ही. शांताराम यांचा 'शेजारी' हा बोलपट आला. त्यात एका गावातले दोन म्हातारे मित्र आहेत, जीवा पाटील आणि मिर्झा. गावाजवळ धरण बांधायचे निघते आणि स्वार्थी लोक दोघांत भांडण लावून देतात. शेवटी धरण फुटते तेव्हा हे दोघे हातात हात घेऊन मरतात. मिर्झाचे काम जागीरदारांनी केले. तेव्हा त्यांचे वय अवघे चौतीस! दाढी काय, कोणीही लावील. पण म्हाताऱ्याचे चालणे आणि थकलेला आवाज कुठून आणायचा? तो त्यांनी आणला. आणखी एक मौज सांगतो. मराठीत हिंदू जागीरदार मुसलमान झाले, तर याच्याच हिंदी बोलपटात, 'पडोसी'त, मझहर खान हे मुसलमान नट हिंदू ठाकूर झाले. शांतारामांनी हे मुद्दाम केले. सोंग घेतले की माणूस दुसऱ्याचे दुःख समजू लागतो, असे मला वाटते.

१९४४ साली 'रामशास्त्री' आला. त्यात ते रामशास्त्री प्रभुणे झाले. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगणारा तो निःस्पृह न्यायाधीश! सत्तेपुढे न झुकणारा माणूस कसा उभा राहतो, ते त्यांच्याकडे बघून कळते. पुढे 'गाइड' (१९६५) या हिंदी चित्रपटात ते साधा खेडूत भोला झाले.

प्रभात कंपनी बंद पडल्यावर तिच्याच पुण्यातल्या जागेत १९६० साली सरकारने चित्रपट शिक्षणाची संस्था काढली. जागीरदार तिचे पहिले प्रमुख झाले. ज्या आवारात त्यांनी रामशास्त्री उभा केला, तिथेच ते गुरुजी होऊन आले. आपली विद्या त्यांनी लपवून ठेवली नाही. नव्या मुलांना अभिनय शिकवला. 'पाऊलखुणा' नावाचे आत्मचरित्रही लिहिले. १३ ऑगस्ट १९८८ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते. रात्रभर नाटक चालते, दंडार होते. त्यात म्हाताऱ्याचे, गड्याचे काम करणाऱ्याकडे आपण फारसे बघत नाही. यंदा जरा नीट बघा. शाळेच्या स्नेहसंमेलनातही सगळ्यांना राजाच व्हायचे असते. मी मात्र गुरुजींना म्हाताऱ्याचे काम मागणार आहे. त्यासाठी आतापासूनच आमच्या आबाजींचे चालणे-बोलणे बघतो आहे. आबाजींचे गुडघे किती दुखतात, हे मला त्यामुळेच कळले.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी