वृद्धांना मोतीबिंदूच्या अंधारातून बाहेर काढणारे डॉ. मोदी

प्रख्यात नेत्रशल्यविशारद डॉ. मुरुगप्पा चन्नवीरप्पा मोदी यांचा जन्म १९१६ मध्ये तत्कालीन विजापूर जिल्ह्यातील बिळगी येथे झाला. मोतीबिंदूने दृष्टी गेलेले खेड्यांतील वृद्ध परावलंबी होऊन घराच्या कोपऱ्यात खिन्नपणे दिवस कंठीत. शहरातील रुग्णालय त्यांच्या आवाक्याबाहेर असे. म्हणून १९४३ पासून डॉ. मोदी यांनी गावोगावी मोफत नेत्रशिबिरे भरविली व पाच लाखांहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. त्या काळी शस्त्रक्रियेनंतर जाड भिंगांचा चष्मा लागे. तरीही नातवंडांचे चेहरे ओळखता येऊ लागले, आधाराविना चालता आले, की वृद्धांचा हरवलेला आत्मविश्वास परत येई. पद्मश्री (१९५६) व पद्मभूषण (१९६८) या किताबांनी गौरविलेल्या या सेवाव्रतीचे २००५ मध्ये निधन झाले.