मायकेल फॅरडे व त्यांची बादली

मायकेल फॅरडे ह्यांचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजीं लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरीं झाला. शाळेंत लिहिण्यावाचण्यापुरतेंच शिक्षण मिळालें. गणित तर जन्मभर कच्चेंच राहिलें. चौदाव्या वर्षीं मायकेल एका पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानीं उमेदवार राहिला व बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचूं लागला. 1812 सालीं सर हंफ्री डेव्ही ह्यांचीं व्याख्यानें ऐकून त्यानें टिपणें काढलीं व तीं सुबक बांधून त्यांजकडे पाठविलीं. पुढील वर्षीं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्यास मदतनिसाची जागा मिळाली. हातची कारागिरी अशीहि फळते!

चुंबकापासून वीज उत्पन्न करण्याचा 1831 चा शोध शाळेंत शिकवितातच. 1834 सालीं विद्युद्भारित कणांस ‘आयन’ हें नांव फॅरडे ह्यांनींच, व्हेवेल नामक पंडिताच्या सल्ल्यानें, दिलें. 1843 सालीं त्यांनीं बर्फ ठेवण्याची धातूची बादली जमिनीपासून विद्युद्रोधकानें अलग ठेविली व रेशमी दोऱ्यानें विद्युद्भारित पितळी गोळा तींत सोडला. गोळा तळास टेकतांच त्याचा सर्व भार बादलीनें घेतला. गोळ्यावर कांहींच उरलें नाहीं.

मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत 1988 सालीं पेलेट्रॉन हें कणांस वेग देणारें यंत्र सुरू झालें. अशा यंत्रांत आयनांचा झोत मोजावयास हीच युक्ति योजितात. निर्वात नळींत झोतासमोर धातूचा पेला धरितात. त्यास ‘फॅरडे कप’ म्हणतात. पेल्यांत पडलेला भार तारेनें मापकांत जातो. प्रवाह एक मायक्रोअँपिअर भरला व प्रत्येक आयनावर एकच भार असला, तर सेकंदास सुमारें सव्वासहा लाख कोटि आयन आले असें समजावें.

मात्र येथें एक फसगत आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत पाऊस मोजावयाचें भांडें उथळ ठेविलें, तर थेंब आपटून बाहेर उडतील व माप कमी भरेल. पेल्यांत आयन आपटले म्हणजे धातूंतून इलेक्ट्रॉन उडतात. पण ऋणभार निघून गेल्यानें धन आयनांचें माप उलट अधिक भरतें. म्हणून पेला खोल करितात व तोंडाशीं ऋण दाबाचें कडें बसवून इलेक्ट्रॉन परत लोटितात.

फॅरडे हे सँडेमनीय मंडळीचे वडील होते. बादलीच्या प्रयोगानंतर दुसऱ्याच वर्षीं त्या मंडळीनें त्यांस कांहीं काळ बाहेर काढिलें. सन्मानानें न डगमगणारा हा पुरुष त्या दुःखानें फार खचला. तरी त्यांनीं मंडळी सोडिली नाहीं. ‘सर’ ही पदवी व रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद त्यांनीं नाकारिलें. 25 ऑगस्ट 1867 रोजीं हॅम्पटन कोर्ट येथें खुर्चींत बसले असतां त्यांनीं प्राण सोडिला. हायगेटच्या दफनभूमींत त्यांच्या थडग्यावर साधा दगड आहे.