वडगावला हरलेल्या गव्हर्नरने मुंबईचा समुद्र अडवला, त्याची गोष्ट

पुण्याहून जुन्या हायवेने लोणावळ्याकडे निघालं की तळेगावच्या पुढे वडगाव मावळ लागतं. जानेवारी 1779 मध्ये मराठ्यांनी इथे इंग्रज फौजेला कोंडीत पकडलं आणि तह करायला लावला. राघोबादादांना पुण्यात सत्तेवर बसवायला निघालेली ही फौज पाठवली होती मुंबईच्या कौन्सिलने. तेव्हा गव्हर्नर होता विल्यम हॉर्नबी. मुंबईने तो तह पुढे झुगारला, पण नाचक्की व्हायची ती झालीच.

तरी हॉर्नबी आज लक्षात आहे तो एका बांधामुळे.

1771 मध्ये तो गव्हर्नर झाला तेव्हा मुंबई म्हणजे सात बेटं आणि मधला चिखल. महालक्ष्मी आणि वरळीच्या मध्ये एक मोठं खिंडार होतं. भरतीला समुद्र तिथून आत घुसायचा, पार भायखळ्यापर्यंतचा सखल भाग पाण्याखाली जायचा. ओहोटीला उरायची दलदल. हे खिंडार बुजवायला हॉर्नबीने दगडी बांध घातला. तो 1784 च्या सुमारास पूर्ण झाला. हाच हॉर्नबी वेलार्ड, म्हणजे हाजी अलीसमोरचा आजचा लाला लजपतराय मार्ग.

कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी खर्चाला नकार दिला, तरी हॉर्नबीने काम रेटलं, असं सांगतात. बांध सारखा ढासळायचा, खाडीत देवीच्या मूर्ती सापडल्यावरच तो टिकला आणि मग महालक्ष्मीचं देऊळ उभं राहिलं, अशीही कथा आहे. दोन्ही आख्यायिका म्हणूनच घ्याव्यात. (दुसरी जास्त लोकप्रिय आहे, हे सांगायला नको!)

बांधामागची जमीन हळूहळू कोरडी झाली. कामाठीपुरा, ताडदेव, महालक्ष्मीचं रेसकोर्स हे सगळं त्यानंतरचं. पण बांधाने फक्त समुद्राचं येणं थांबवलं, जमिनीची उंची वाढवली नाही. भरतीचं पाणी जिथे पसरायचं, तो खोलगट भाग खोलगटच राहिला. भराव टाकायला पुढे कित्येक दशकं गेली. शिवाय ज्या वाटेने समुद्र आत यायचा, त्याच वाटेने पावसाचं पाणी बाहेरही जायचं. हा हिशोब तेव्हा कुणी फारसा केलेला दिसत नाही.

हॉर्नबी 1784 मध्ये पायउतार झाला आणि 1803 मध्ये वारला. त्याच्या बांधाच्याही पुढे, समुद्राच्या बाजूला, आता कोस्टल रोड आहे. आणि मुसळधार पाऊस व मोठी भरती एकाच वेळी आली, की मध्य मुंबईच्या सखल भागांत आजही पाणी तुंबतं.