लाउडाचं विमान ज्या कारणाने पडलं, ते शास्त्र भारतात रुजवणारे कोल्हापूरचे घाटगे

२६ मे १९९१. बँकॉकहून व्हिएन्नाला निघालेलं लाउडा एअरचं बोइंग ७६७ उड्डाणानंतर साधारण पंधरा मिनिटांत थायलंडच्या जंगलात कोसळलं. विमानातले सगळे २२३ जण गेले. कारण होतं डाव्या इंजिनाचा थ्रस्ट रिव्हर्सर. विमान उतरल्यावर इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग कमी करणारी ही यंत्रणा भर आकाशातच उघडली होती.

आता इंजिनातल्या यंत्रणेमुळे पंखाचं काय बिघडलं? तर पुढे वळलेल्या झोताने डाव्या पंखावरून वाहणारी हवा विस्कटली. त्या पंखाची उचल पाव हिश्शाने घटली आणि विमान कलंडलं. सावरायला वैमानिकांच्या हातात जेमतेम ४ ते ६ सेकंद होते.

पंखावरून हवा कशी वाहते आणि विमानाला उचल कशी देते, या शास्त्राला म्हणतात वायुगतिकी. ती भारतात रुजवणाऱ्यांत एक मोठं नाव मराठी आहे, डॉ. विष्णू माधव घाटगे.

जन्म १९०८ चा, कोल्हापूर जिल्ह्यातला. मुंबई विद्यापीठातलं शिक्षण आटोपून ते जर्मनीत गटिंगनला गेले. तिथे त्यांचे गुरू होते लुडविग प्रांटल, म्हणजे आधुनिक वायुगतिकीचा पाया घालणारा माणूस. त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून घाटगे भारतात परतले.

१९४० मध्ये वालचंद हिराचंद यांनी बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली आणि घाटगे तिथे रुजू झाले. १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, तोही त्यांच्याच नेतृत्वाखाली. ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांनी डिझाइन केलेलं एचटी-२ आकाशात झेपावलं. सप्टेंबर १९६४ मध्ये जेट इंजिनाचं 'किरण' उडालं. सूर्यकिरण पथकाच्या कसरती पाहिल्या असतील, तर २०११ पर्यंत त्या किरणवरच व्हायच्या.

ही दोन्ही विमानं प्रशिक्षणाची. इथेच डिझायनरचा कस लागतो. शिकाऊ वैमानिक चुकणार, हे धरूनच विमान आखावं लागतं. चूक झाली तरी ते सावरता आलं पाहिजे, नाहीतर विशीतल्या पोराचा जीव जातो.

बोइंग ७६७ च्या बाबतीत नेमका हाच हिशेब चुकला होता. रिव्हर्सर हवेत उघडला तरी विमान सावरेल, असं कमी वेगाच्या चाचणीवरून धरलं गेलं होतं. अपघातानंतर रिव्हर्सरला आणखी एक स्वतंत्र लॉक बसवण्यात आलं.

त्याच वर्षी, डिसेंबर १९९१ मध्ये, घाटगे गेले. त्यांच्या विमानांवर हवाई दलाच्या वैमानिकांच्या कित्येक पिढ्या उडायला शिकल्या. त्यातल्या बहुतेकांनी आपल्या पहिल्या चुकाही त्यातच केल्या आणि पुढे त्यांनी मोठी विमानं उडवली.