परळच्या लॅबमधून निघालेला एक धागा आज प्रत्येक गरोदर बाईच्या गोळीपर्यंत पोहोचलाय, तो धागा पकडणाऱ्या लुसी विल्सची गोष्ट

हल्ली कुठलंही रील उघडा, कोणीतरी एक डबा हातात धरून उभं असतं. केसांसाठी बायोटिन, झोपेसाठी मॅग्नेशियम, प्रतिकारशक्तीसाठी व्हिटॅमिन सीच्या गमीज. खाली डिस्काउंट कोड. बघून बघून आपल्यालाही वाटायला लागतं, घेऊन तर बघू, तोटा काय होणारे?

या सगळ्या गर्दीत एक गोळी अशी आहे जिच्यावर कोणी रील करत नाही. लाल रंगाची, सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी. आशाताई घरी येऊन गरोदर बाईच्या हातात तिची स्ट्रिप ठेवतात आणि न चुकता घ्या म्हणून बजावतात. त्यात असतं लोह आणि फॉलिक ॲसिड.

यातल्या फॉलिक ॲसिडची गोष्ट सुरू होते ती आपल्या मुंबईत, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. आणि गोष्टीची नायिका आहे एक इंग्रज डॉक्टर, लुसी विल्स.

लुसीचा जन्म 10 मे 1888 चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफिल्ड गावातला. वडील विज्ञान शिकलेले, आईचे वडील नावाजलेले डॉक्टर. घरात शिक्षणाचं वातावरण होतं, त्यामुळे मुलगी म्हणून कोणी अडवलं नाही. शाळा संपवून ती केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेली. विषय घेतले वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र.

1911 ला तिचं शिक्षण पूर्ण झालं, परीक्षाही पास झाली. पण डिग्री मिळाली नाही. कारण केंब्रिज तेव्हा बायकांना डिग्रीच देत नव्हतं. ते द्यायला 1948 उजाडावं लागलं.

त्याच काळात आधी वडील गेले, मग मोठी बहीण गेली. लुसी आईसोबत सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जाऊन आली. 1914 मध्ये धाकट्या भावासोबत दक्षिण आफ्रिकेला गेली आणि तिथे असतानाच पहिलं महायुद्ध पेटलं. भाऊ सैन्यात भरती झाला. लुसीने केपटाउनच्या एका हॉस्पिटलमध्ये काही काळ नर्सचं काम केलं आणि वर्ष संपता संपता इंग्लंडला परतली.

परतल्या परतल्या, जानेवारी 1915 मध्ये, तिने लंडनच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात नाव घातलं. 1920 मध्ये ती डॉक्टर झाली तेव्हा वय होतं 32. प्रॅक्टिस करून पैसा कमावता आला असता, पण लुसीबाई रॉयल फ्री हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रमल्या. गरोदरपणात शरीरात काय काय बदलतं, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय.

इकडे भारतात बायका बाळंतपणात मरत होत्या. त्यामागची कारणं शोधायला एक चौकशी सुरू झाली होती आणि त्या कामात होत्या डॉ. मार्गारेट बाल्फोर. त्यांनी लुसीबाईंना बोलावून घेतलं. 1928 ला लुसीबाई मुंबईत आल्या.

तेव्हाचं परळ म्हणजे गिरण्यांचं परळ. भोंगे, चाळी, तीन पाळ्या आणि त्याच वर्षी चाललेला गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप. या वस्तीतल्या गरोदर बायकांना एक विचित्र ॲनिमिया होत होता. चेहरा पांढराफटक पडायचा, दोन पावलं टाकली की धाप लागायची आणि बऱ्याच जणी त्यातच जायच्या.

विचित्र कशासाठी, तर लोह कमी पडून होणाऱ्या ॲनिमियात रक्तातल्या तांबड्या पेशी लहान होतात. इथे त्या नेहमीपेक्षा मोठ्या आणि अर्धवट वाढलेल्या दिसायच्या. म्हणजे लोहाचा प्रश्न नव्हता, दुसरंच काहीतरी कमी पडत होतं.

लुसीबाईंनी आधी एक साधी गोष्ट तपासली. या बायका जेवतात काय? वेगवेगळ्या थरांतल्या बायकांच्या जेवणाची त्यांनी माहिती गोळा केली. चित्र स्पष्ट होतं. ज्यांचं जेवण सगळ्यात निकृष्ट, त्यांनाच हा आजार सगळ्यात जास्त. मुंबईतल्या गरीब मुस्लिम बायका यात सगळ्यात पुढे होत्या.

मग त्यांनी आणि त्यांच्या सहकारी माणेक तळपदे यांनी हेच जेवण पांढऱ्या उंदरांना घातलं. उंदरांना ॲनिमिया झाला. जेवणात यीस्ट मिसळलं तर तो टळत होता. काम फत्ते झाल्यासारखं वाटलं, पण नंतर कळलं की उंदरांच्या अंगावरच्या उवांमुळे त्यांना बार्टोनेला नावाचा संसर्ग झाला होता आणि त्यानेही रक्त कमी होत होतं. म्हणजे उंदरांवरून ठाम काही सांगता येत नव्हतं.

लुसीबाई खचल्या नाहीत. उंदीर सोडून त्या माकडांकडे वळल्या.

यातल्या आजारी माकडाला बरं केलं ते मार्माइटने. मार्माइट म्हणजे काय, तर बिअर बनवल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून तयार होणारा काळपट, खारट, चिकट पदार्थ. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. स्वस्त आणि बाजारात सहज मिळणारा. तो दिल्यावर माकडाची तब्येत झपाट्याने सुधारली.

मग हाच मार्माइट पेशंट बायकांना देण्यात आला. ज्यांच्या जगण्याची खात्री नव्हती, त्यांचं रक्त काही दिवसांत भरून यायला लागलं. 1931 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लुसीबाईंचा पेपर छापून आला. यीस्टमध्ये नेमकं काय आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्या अनोळखी घटकाला नाव पडलं विल्स फॅक्टर.

1933 पर्यंत त्यांचं भारतात येणं-जाणं चालू राहिलं. मधल्या काळात त्या कुन्नूरला आणि मद्रासलाही काम करून आल्या. 1937 च्या शेवटी पुन्हा दहा आठवडे हाफकिनमध्ये येऊन गेल्या.

विल्स फॅक्टरचं खरं रूप 1941 मध्ये पुढे आलं. अमेरिकेतल्या संशोधकांनी पालकाच्या पानांतून एक घटक वेगळा काढला आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटलं. 1945 मध्ये ते लेडर्ले लॅबोरेटरीजमध्ये कृत्रिमरीत्या तयारही झालं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. म्हणजे परळमध्ये सापडलेलं कोडं सुटताना पुन्हा एक भारतीय माणूस त्यात होताच.

हे फॉलिक ॲसिड करतं काय? शरीरात नवी पेशी तयार व्हायची तर डीएनएची नक्कल व्हावी लागते आणि त्यासाठी हे लागतं. पोटात बाळ असताना नव्या पेशी धडाधड तयार होत असतात, म्हणून गरज एकदम वाढते. ताटातच नसेल तर पहिला फटका रक्ताला बसतो.

पुढे कळलं की प्रकरण एवढ्यावर थांबत नाही. 1991 मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. 7 देशांतल्या 1,817 बायका, ज्यांच्या आधीच्या बाळाच्या मेंदूत किंवा मणक्यात जन्मतः दोष होता. फॉलिक ॲसिड घेतलेल्या गटात हा धोका 72 टक्क्यांनी कमी झाला. त्याच चाचणीत बाकीची व्हिटॅमिन्सही तपासली होती, त्यांचा असा उपयोग दिसला नाही.

बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते. बऱ्याच जणींना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणूनच बाळाचा विचार सुरू झाला की आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यायला सांगतात. अमेरिकेने तर 1998 पासून ते पिठातच मिसळायला लावलं.

मग प्रश्न पडतो, एक गोळी एवढं काम करते, तर बाकीचे डबे का नाही?

2024 मध्ये अमेरिकेत जवळपास 3 लाख 90 हजार निरोगी माणसांच्या 20 वर्षांहून जास्त काळाच्या नोंदी तपासल्या गेल्या. रोज मल्टीव्हिटॅमिन घेणारे जास्त जगतात, असं काही दिसलं नाही. लुसीबाईंच्या पेशंटमध्ये आणि यांच्यात फरक काय, तर त्या बायकांच्या शरीरात खरोखर एक गोष्ट कमी होती. खड्डा होता म्हणून भर घातल्यावर फरक दिसला. खड्डाच नसेल तर तुम्ही फक्त ढीग लावताय.

आणि ढिगाचा त्रासही होऊ शकतो. शाकाहारी माणसांमध्ये बी 12 ची कमतरता खूप आढळते. अशा माणसाने नुसतं फॉलिक ॲसिड भरपूर घेतलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, पण बी 12 अभावी नसांचं नुकसान आत चालूच राहतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने पुण्याजवळच्या गावांत 1993 पासून आया आणि मुलांचा अभ्यास केला. ज्या आयांमध्ये फोलेट जास्त आणि बी 12 कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसलं. इन्सुलिनला दाद न देणं म्हणजे पुढे डायबेटिसचा धोका.

याचा अर्थ गरोदर बाईने गोळी सोडायची असा अजिबात नाही. गोळी घ्यायचीच, फक्त बी 12 कमी आहे का हेही डॉक्टरांना विचारून तपासून घ्यायचं.

नुसत्या अंदाजावर लुसीबाईंचाही भरवसा नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी रॉयल फ्रीमध्ये गरोदर बायकांना सरसकट लोह देऊन उपयोग होतो का, हे तपासलं. काहींना लोहाच्या गोळ्या, काहींना औषध नसलेल्या गोळ्या आणि मग तुलना. सप्लिमेंट विकणाऱ्या कुठल्याही कंपनीला आजही विचारावा असाच हा प्रश्न आहे.

1947 मध्ये त्या रॉयल फ्रीमधून निवृत्त झाल्या, पण गप्प बसल्या नाहीत. जमैका, फिजी आणि दक्षिण आफ्रिकेत जाऊन आहार आणि ॲनिमियावर काम केलं. बाकीचे मोठे डॉक्टर गाड्यांतून यायचे तेव्हा या बाई सायकलवरून हॉस्पिटलला यायच्या. लग्न केलं नाही. शेवटच्या काही वर्षांत लंडनच्या चेल्सी भागात लेबर पार्टीच्या नगरसेविका होत्या. 16 एप्रिल 1964 ला त्या गेल्या. 10 मे 2019 ला गूगलने त्यांचं डूडल केलं, तेव्हा कुठे बऱ्याच जणांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

त्या मुंबईत उतरल्या त्याला आता शंभर वर्षं होत आली. औषध सापडलं, स्वस्त झालं, फुकट वाटलं जातंय. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या 52.2 टक्के गरोदर बायकांना ॲनिमिया असल्याचं दिसलं.

तुमच्या घरात कोणी गरोदर असेल तर आज एकदा विचारा, ती लाल गोळी घेतली का? आणि त्याच्याही आधी, लुसीबाईंनी परळमध्ये विचारला होता तो प्रश्न विचारा. आज जेवलीस काय?