बारा महिन्यांची मोहलत

नबुखद्नेस्सर हे नाव उच्चारायला अवघड. पण यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लिम या तिन्ही समाजांच्या आठवणीत ते टिकून आहे. मुस्लिम इतिहासकार त्याला बख्तनस्सर म्हणतात. सुमारे सव्वीसशे वर्षांपूर्वी, आजच्या इराकमधील बाबेल नगरीतून तो राज्य करीत होता.

इ. स. पूर्व ६०५ मध्ये, युवराज असतानाच, त्याने कर्कमीश येथे इजिप्तच्या फौजेला धूळ चारली. त्याच वर्षी वडील वारले आणि तो गादीवर बसला. इ. स. पूर्व ५९७ मध्ये त्याने यरुशलेम घेतले व तिथल्या राजाला कैद करून नेले. पुढे दहा-अकरा वर्षांनी, बंडाची शिक्षा म्हणून, शहर जाळले. हजरत सुलेमान यांनी (बायबलमधील शलमोन) बांधलेले मंदिरही जमीनदोस्त केले.

आपला देवच हरला, असे त्या पराभूत लोकांना वाटणे स्वाभाविक होते. संदेष्टे यिर्मया यांनी मात्र वेगळेच सांगितले. हा बलाढ्य राजाही ईश्वराचा सेवकच आहे. त्याला सत्ता दिलेली आहे आणि तीही ठरावीक काळापुरती.

राजाला स्वतःला हे उमगायला वेळ लागला. त्याने बाबेलच्या भिंती मजबूत केल्या, मंदिरे उभारली, निळ्या चकाकत्या विटांचा इश्तार दरवाजा बांधला. विटांवर स्वतःच्या नावाचे शिक्के मारून घेतले. त्या विटा आजही सापडतात.

याच वैभवाच्या काळातली एक कथा बायबलमधील दानीएलच्या पुस्तकात आहे. राजाला स्वप्न पडले. एक प्रचंड झाड, शेंडा आभाळाला टेकलेला, फांद्यांवर पाखरे, सावलीत जनावरे. इतक्यात वरून आज्ञा झाली, झाड तोडा. बुंधा मात्र जमिनीत राहू द्या. अर्थ सांगायला दानीएल आले. मुस्लिम परंपरा त्यांना हजरत दानियाल म्हणून मान देते. ते त्याच राजाने यहुदी प्रदेशातून आणलेले बंदिवान होते. अर्थ कळताच ते व्याकूळ झाले, पण त्यांनी सत्य लपवले नाही. ते झाड म्हणजे राजा. सोबत त्यांनी सुटकेची वाटही दाखवली : अन्याय सोडावा, न्यायाने वागावे, गरिबांवर दया करावी. राजाने आपला धर्म सोडावा किंवा देवळे बांधावीत, असे त्यांनी सुचवले नाही. मागितली ती फक्त गोरगरिबांसाठी दया.

बारा महिने गेले. गरिबांसाठी राजाने काही केल्याचा उल्लेख कथेत नाही. एके दिवशी महालाच्या गच्चीवर फिरताना हे सारे आपल्याच बळावर उभे राहिले, अशी बढाई त्याने मारली. शब्द तोंडात असतानाच राज्य हातून गेले. त्याची मती फिरली. तो माणसांतून हाकलला गेला, बैलासारखे गवत खाऊ लागला, दवात भिजू लागला. सात काळ लोटल्यावर त्याने आकाशाकडे नजर वळवली, तेव्हा बुद्धी परत आली. राज्यही परत मिळाले. खरी सत्ता कोणाची, हे मग त्याने स्वतःच जाहीर केले.

राजाच्या स्वतःच्या शिलालेखांत या आजाराची नोंद नाही. अशीच एक कथा मृत समुद्राजवळ सापडलेल्या हस्तलिखितांत बाबेलच्याच दुसऱ्या राजाबद्दल, नबोनिदसबद्दल, आहे. त्यामुळे मूळ घटना कोणाची, यावर अभ्यासक चर्चा करतात. कथेचा रोख मात्र स्पष्ट आहे. सत्ता ही अमानत आहे, आणि तिचा हिशेब भिंतींच्या उंचीवरून नव्हे, तर दुबळ्यांच्या हालांवरून मांडला जातो.

त्रेचाळीस वर्षे राज्य करून इ. स. पूर्व ५६२ मध्ये तो वारला. अवघ्या तेवीस वर्षांनी इराणच्या सायरसने बाबेल घेतले आणि बंदिवान यहुद्यांना मायदेशी परतण्याची मुभा दिली. आज हिल्ला शहराजवळ त्या नगरीचे अवशेष पसरले आहेत. शिक्क्यांच्या विटा उरल्या, राज्य उरले नाही. दानीएल यांचा सल्ला मात्र आजही ताजा आहे, आणि तो पाळायला राजाच असावे लागते असे नाही.