रुळाला झेपेल तेवढीच गाडी: बार्शी लाईट रेल्वे उभी करणाऱ्या कॅलथ्रॉपची गोष्ट

17 सप्टेंबर 2025, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी रेल्वे सुटली. जिल्ह्यात परळी वैजनाथला रेल्वे आधीपासून होती, पण खुद्द बीड शहराला रूळ बघायला 2025 उजाडलं. अहिल्यानगर-बीड-परळी या 261 किलोमीटरच्या मार्गावर किती निवडणुका लढल्या गेल्या हे बीडकरांना वेगळं सांगायला नको.

पण नकाशावर बीड जिल्ह्याच्या दक्षिणेला बघा. केज तालुक्यातून मांजरा नदी ओलांडली की कळंब लागतं. त्याच्याही खाली येडशी, कळंब रोड, ढोकी, मुरूड, लातूर अशी स्टेशनांची माळ आहे. या माळेवरून 1911 पासून एक छोटी गाडी धावत होती. जुनी माणसं आजही तिला 'बार्शी लाईट' म्हणतात.

ही गाडी ज्याच्या डोक्यातून आली, त्याचं नाव एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप. रेल्वेचा इतिहास वाचणाऱ्यांना जगभर हे नाव माहीत आहे. ज्या भागात त्याने सगळ्यात मोठं काम केलं, तिथे मात्र ते फारसं कुणाला ठाऊक नाही.

कॅलथ्रॉपचा जन्म 3 मार्च 1857 चा. इंग्लंडमधल्या लिंकनशायरमधलं शेतकऱ्याचं घर, त्यातला हा थोरला मुलगा. त्याचा धाकटा भाऊ गाय कॅलथ्रॉप पुढे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा जनरल मॅनेजर झाला, म्हणजे रेल्वे या घराला चांगलीच मानवली. एव्हरार्डने आधी रॉबर्ट स्टीफन्सन कंपनीत काम केलं, मग 1874 मध्ये क्रू इथल्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी केली, पुढे ग्रेट वेस्टर्न रेल्वेत गेला. 1882 मध्ये तो भारतात आला. नोकरी होती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, म्हणजे आपल्या जीआयपीत, लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टरची.

तो आला तेव्हा जीआयपीची मुख्य लाईन मुंबईहून पुणे, सोलापूर करत पुढे गेली होती. वाटेत एक स्टेशन होतं, बार्शी रोड. आजचं कुर्डुवाडी. नावात बार्शी असलं तरी खरी बार्शी तिथून जवळपास 35 किलोमीटर लांब. बार्शी ही कापूस आणि गळिताच्या धान्याची मोठी बाजारपेठ. बालाघाटाच्या डोंगरापलीकडे निजामाचा मुलूख होता, त्यात बीड आणि धाराशिवही आले. तिकडचा माल बैलगाडीने बार्शीत उतरायचा आणि पुन्हा बैलगाडीनेच स्टेशन गाठायचा. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतलं की व्यापारी, गाडीवान आणि बैल, तिघांचेही हाल.

मग तिथे नेहमीची रेल्वे का टाकली नाही? उत्तर साधं आहे, पैसे. आणि हे पैसे कुठे जातात हे समजल्याशिवाय कॅलथ्रॉपने नेमकं काय केलं ते कळत नाही. त्यामुळे जरा रुळाखाली डोकावू.

रेल्वेचं वजन चाकातून रुळावर येतं, रुळावरून स्लीपरवर, स्लीपरवरून खडीत आणि शेवटी जमिनीत. स्लीपरला दोन कामं असतात. एक म्हणजे वजन पसरवणं आणि दुसरं म्हणजे दोन रुळांमधलं अंतर हलू न देणं. इंग्लंडमध्ये यासाठी लाकूड वापरायचे. भारतात मात्र लाकडाचे दोन शत्रू होते, ऊन आणि वाळवी. उन्हाने लाकूड तडकायचं आणि वाळवी ते आतून पोखरायची. साग, साल, देवदार टिकायचे, पण ते हवे तेवढे आणि हवे तिथे मिळायचे नाहीत. परदेशातून तेलात मुरवलेलं लाकूड आणायचं तर जहाजाचं भाडं डोक्यावर.

म्हणून भारतात लोखंडी स्लीपरचा जमाना आला. ग्रीव्हज नावाच्या इंजिनिअरने 1846 मध्ये बिडाच्या स्लीपरचं पेटंट घेतलं होतं. (बीड म्हणजे ओतीव लोखंड, जिल्ह्याच्या नावाशी त्याचा संबंध नाही.) दोन मोठ्या वाट्या जमिनीवर उपड्या ठेवा, एक या रुळाखाली, एक त्या रुळाखाली. दोन्हींना जोडणारी एक लोखंडी पट्टी आडवी टाका आणि पाचर मारून ती पक्की करा. झाला 'पॉट स्लीपर'. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया-कैरो मार्गावर तो वापरला गेला आणि भारतात तर तो चांगलाच रुळला. उपड्या वाटीत खडी आणि माती घट्ट बसते, त्यामुळे ती सहसा सरकत नाही. वाळवी तिला खाऊ शकत नाही आणि मोडलीच तर वितळवून पुन्हा ओतता येते.

पुढे वाटीच्या जागी चपट्या प्लेटी आल्या, उलट्या पन्हळीसारखे पोलादी स्लीपर आले. विसाव्या शतकात भारतीय रेल्वेने यातले गुण एकत्र करून बिडाचा सीएसटी-9 स्लीपर तयार केला. नावातला 9 म्हणजे चाचणीचा नववा नमुना. या सगळ्यांचं दुखणं मात्र एकच होतं, चाव्या. रूळ स्लीपरच्या जबड्यात बसवून शेजारी लोखंडी चावी ठोकायची. गाडी गेली की हादरा बसतो, हादऱ्याने चावी सैल होते. म्हणून हातोडा घेऊन रोज मैलोन्मैल रुळावर चालणारा चावीवाला रेल्वेला ठेवावा लागला. आजच्या सिमेंटच्या स्लीपरवर स्प्रिंगसारखी वाकडी क्लिप दिसते ना, ती या दुखण्यावरचा इलाज आहे. ती रुळाला सतत दाबून धरते आणि हादऱ्याने सहज सुटत नाही.

आता हिशोब बघा. गाडीचा एक आस जितकं वजन खाली टाकेल, तितका रूळ जाड लागतो. रूळ जाड म्हणजे स्लीपर जास्त, चाव्या जास्त, खडी जास्त, पूल भक्कम. गावाकडच्या शाळेत घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा कधी उचलून बघितला असेल तर एका फुटाचं वजन किती असतं याचा अंदाज येईल. 35 किलोमीटरला असे दोन रूळ टाकायचे, तेही इंग्लंडहून आणून.

बाकीचे इंजिनिअर आधी गाडी ठरवायचे आणि मग तिला पेलेल असा मार्ग बांधायचे. कॅलथ्रॉपने हा क्रम उलटा केला. परवडेल असा हलका रूळ आधी ठरवला, त्याला किती वजन झेपेल ते बघितलं आणि मग गाडीच्या कुठल्याही आसावर त्याहून जास्त भार येणार नाही असा नियम घातला. त्याचा आकडा होता 5 टन. इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालडबा, सगळ्यांना एकच माप. रूळ दर यार्डाला 30-35 पौंडांच्या घरातले, म्हणजे मीटरला 15 ते 17 किलो. आज आपल्या मुख्य मार्गांवर मीटरला 60 किलोचा रूळ असतो.

हलक्या रेल्वे त्याच्या आधीही होत्या. पण बऱ्याच ठिकाणी डबे हलके आणि इंजिन भलतंच जड असायचं. म्हणजे एका इंजिनासाठी अख्ख्या मार्गाचा रूळ जाड घ्यायचा आणि रिकामे-भरलेले डबे त्यावरून ऐटीत फिरवायचे. कॅलथ्रॉपला ही उधळपट्टी वाटली आणि ती होतीच.

डोक्यातली गोष्ट जमिनीवर यायला मात्र बरीच वर्षं गेली. 1880 च्या दशकातच त्याने बार्शीसाठी प्रस्ताव मांडला होता. मंजुरी रखडली. त्याने जीआयपीची नोकरी सोडली, पुढे इंग्लंडला परतून सल्लागार इंजिनिअर म्हणून काम सुरू केलं, पण बार्शीचा नाद सोडला नाही. अखेर 1895 मध्ये गाडं पुढे सरकलं. बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि तिचा सल्लागार इंजिनिअर अर्थातच कॅलथ्रॉप.

गेज ठरलं अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. शेजारची जीआयपी साडेपाच फुटांची. इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीने बनवली, एकूण पाच. प्रत्येकाला वजन ओढणारी आठ चाकं आणि मागे आधाराची चार. बारा चाकं म्हणजे सहा आस, सहा गुणिले पाच, म्हणजे इंजिन फार तर 30 टनांचं. एवढ्या बारक्या रुळावर त्या काळात हे दांडगं इंजिन होतं. गंमत अशी की रूळ तोच ठेवूनही ताकद वाढवता आली, कारण वजन जास्त चाकांवर वाटलं गेलं.

मालडब्यांचं गणितही तसंच. 25 फुटी डबा, खाली दोन बोगी, म्हणजे चार आस. चार गुणिले पाच, एकूण 20 टन. आता या 20 टनांत डब्याचं स्वतःचं वजन जितकं कमी, तितका माल जास्त. म्हणून त्याने सांगाड्यासाठी जाड पोलादी तुळया न घेता पत्रा दाबून घडवलेले भाग घेतले. पत्र्याला घडी पडली की तो हलका राहूनही ताठ होतो. पन्हळीसारखा पोलादी स्लीपर ज्या तत्त्वावर भार पेलतो, तेच तत्त्व इथे रुळाच्या वर आलं.

हे सगळं भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे खास चाचणी मार्ग टाकला गेला आणि गाड्या पळवून दाखवल्या गेल्या. 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही लाईन सुरू झाली.

पुढे ती वाढत गेली. 1906 मध्ये पंढरपूर जोडलं गेलं आणि वारकऱ्यांना हक्काची गाडी मिळाली. दुसऱ्या बाजूला ती बालाघाट चढून रामलिंगच्या डोंगरातून येडशीला आली, निजामाच्या हद्दीतून 1911 मध्ये लातूरला पोचली. लातूरच्या बाजारपेठेच्या वाढीत या गाडीचा वाटा मोठा आहे. लाईन तिथून उत्तरेला, बीडकडे मात्र वळली नाही.

कॅलथ्रॉपला देवमाणूस करायची गरज नाही. कंपनी ब्रिटिश भांडवलाची होती, नफ्यासाठी होती आणि रूळ तिथेच गेले जिथे भाडं मिळणार होतं. दोन गेजचा त्रासही होताच. बार्शीहून आलेलं प्रत्येक पोतं कुर्डुवाडीत एका डब्यातून काढून दुसऱ्यात टाकावं लागायचं, आणि हे काम हमालांच्या पाठीवर. या अडचणीवर त्याने इंग्लंडमध्ये उपाय करून दाखवला. 1904 मध्ये सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या अडीच फुटी मार्गावर त्याने मोठ्या गेजचा अख्खा डबाच पाठीवर घेऊन जाणाऱ्या गाड्या आणल्या. तिथल्या एका इंजिनाला त्याचंच नाव दिलं होतं. ती लाईन 1934 मध्ये बंद पडली. इंग्लंडमध्ये तो आजही ओळखला जातो तो 30 वर्षं चाललेल्या त्या छोट्या लाईनमुळे, शंभरी गाठणाऱ्या बार्शीमुळे नाही!

त्याचं उतारवय वेगळ्याच कामात गेलं. 1910 मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉईसमधला रोल्स, विमान अपघातात गेला. त्यानंतर कॅलथ्रॉपने पॅराशूटचा ध्यास घेतला. त्याच्या पॅराशूटचं नाव 'गार्डियन एंजल'. कमी उंचीवरूनही ते उघडतं हे दाखवायला 1917 मध्ये लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी मारली गेली. मारणारा होता थॉमस ऑर्ड-लीज, शॅकल्टनच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतला माणूस. तरीही पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट दिलं गेलं नाही. शत्रूच्या प्रदेशात हेर उतरवायला ते वापरलं, पण स्वतःच्या वैमानिकांना नाही. 1918 मध्ये जर्मन वैमानिक पॅराशूट घेऊन उडत होते, तेव्हाही ब्रिटिश वैमानिक जळत्या विमानात अडकून मरत होते. कॅलथ्रॉपने यात बराच पैसा घातला आणि गमावला.

त्याला अरबी घोड्यांचाही नाद होता. 1920 मध्ये घोड्यांवर त्याचं पुस्तक आलं, त्यात घोड्याला मारून नव्हे तर मैत्रीने वळवायचं कसं याची मांडणी आहे.

30 मार्च 1927 ला लंडनमध्ये त्याचं निधन झालं. त्याच वर्षी बार्शी लाईट पंढरपूरहून मिरजेपर्यंत पोचली आणि लातूर ते मिरज ही सलग लाईन पूर्ण झाली, एकूण 300 किलोमीटरहून जास्त.

1954 मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. 2000 नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने अडीच फुटांचे रूळ उखडून ब्रॉडगेज टाकलं गेलं. जुने स्लीपर आणि चाव्या भंगारात गेल्या. आज लातूर-कुर्डुवाडी मार्गावर आणि बीडच्या नव्या मार्गावरही सिमेंटचे स्लीपर आहेत. एकेक स्लीपर अडीचशे किलोपेक्षा जड आणि त्यावरून जाणाऱ्या मालगाडीचा एक आस 20 टनांहून जास्त वजन टाकू शकतो. कॅलथ्रॉपचा भरलेला अख्खा मालडबा 20 टनांचा होता.